पावसाच्या नोंदींतून गटकार्य : नववीच्या विज्ञान शिक्षकांसाठी

माध्यमिक शाळांत विज्ञानाचे गटप्रकल्प नेहमीच दिले जातात; पण चौघांच्या गटात एक जण प्रतिकृती बनवतो, एकीचे अक्षर चांगले म्हणून ती अहवाल लिहिते आणि उरलेल्या दोघांची फक्त नावे मुखपृष्ठावर येतात, हा अनुभव बहुतेक शिक्षकांच्या ओळखीचा आहे. त्याचा दोष मुलांच्या आळसाला देण्यापूर्वी प्रकल्पाचा विषय तपासून पाहावा. ज्वालामुखीची प्रतिकृती एकटा विद्यार्थी घरी एका संध्याकाळी उत्तम करू शकतो, कधी कधी तर ती तयारच विकत मिळते. तिथे आणखी तिघांची गरज नसते, आणि ज्या कामाला गटाची गरज नाही त्या कामातून गटात कसे वागावे हे शिकवता येत नाही. म्हणून गटकार्य शिकवू इच्छिणाऱ्या शिक्षकाने सर्वांत जास्त विचार प्रश्न निवडण्यावर करावा: प्रश्न असा हवा की कितीही हुशार आणि कष्टाळू विद्यार्थी असला, तरी एकट्याला त्याचे उत्तर काढताच येऊ नये.

जून महिन्यात शाळा सुरू होताना असा एक प्रश्न आपोआप समोर येतो. आज आपल्या गावात सगळीकडे सारखाच पाऊस पडला का? याचे उत्तर देण्यासाठी एकाच सकाळी, ठरलेल्या वेळी, पाच-सहा किंवा वीस ठिकाणी पाऊस मोजावा लागतो आणि एक मूल एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते. प्रश्न क्षुल्लक नाही, हे मुलांना पटवण्यासाठी २६ जुलै २००५ चे मुंबईचे आकडे फळ्यावर लिहावेत. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर तेथून वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेल्या कुलाब्यात सुमारे ७४ मिलिमीटर. ग्रामीण भागातील मुलांना तर हा प्रश्न आणखी जवळचा वाटेल. महाराष्ट्रात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की तो अतिवृष्टी धरला जातो, आणि तो महसूल मंडळाच्या केंद्रावर मोजलेला असतो. एका मंडळात अनेक गावे येतात. केंद्रावर पाऊस कमी आणि आपल्या शिवारात जास्त, अशी तक्रार मुलांनी घरी ऐकलेली असते. ती खरी आहे का, हे तपासण्याची रीत त्यांच्या हाती देणे हे विज्ञान शिक्षकाचे काम आहे असे मला वाटते.

साधन साधे आहे. सरळ काठाचे प्लास्टिकचे नरसाळे, त्याखाली एक बाटली आणि जमा झालेले पाणी मोजण्यासाठी मोजपात्र किंवा औषधाच्या दुकानात मिळणारी २० मिलिलिटरची, सुई नसलेली सिरिंज. नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास मोजून त्याचे क्षेत्रफळ काढायचे. जमा पाणी मिलिलिटरमध्ये मोजून त्याला दहाने गुणायचे आणि क्षेत्रफळाच्या चौरस सेंटिमीटरने भागायचे, म्हणजे पाऊस मिलिमीटरमध्ये मिळतो. व्यास १० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, म्हणून १०० मिलिलिटर पाणी म्हणजे सुमारे १२.७ मिलिमीटर पाऊस. याच नरसाळ्याखाली एक लिटरची बाटली १२७ मिलिमीटर पावसाने भरते, तेव्हा कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या शाळांनी दोन लिटरची बाटली वापरावी. नरसाळ्याचा काठ जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच आणि आडवा असावा, बाटली विटांच्या आधाराने घट्ट बसवावी आणि झाड, भिंत किंवा पत्र्याचे छप्पर यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर ठेवावे. शहरात गच्चीवर, कठड्यापासून दूर ठेवले तरी चालेल. मात्र कोणाचे साधन गच्चीवर आहे आणि कोणाचे जमिनीवर, याची नोंद हवी.

आता गट. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात, जो १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील सोळा शाळांपासून सुरू झाला, मुले चार-चारच्या टोळ्यांत प्रयोग करीत असत, आणि चार हा आकडा आजही सोयीचा आहे. गट मोठा झाला की प्रत्येकाचा वाटा कमी होतो, हे फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमान याने दोर ओढणाऱ्या माणसांवर केलेल्या मोजमापांत दिसले होते. ती १९१३ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवण्याच्या आणि ओरडण्याच्या साध्या कामांतही तेच दाखवले: आपला वाटा वेगळा ओळखू येणार नाही असे वाटले की माणूस कळत-नकळत हात आखडता घेतो. ही गोष्ट मुलांना दरडावून जाणार नाही. प्रत्येकाचा वाटा वेगळा दिसेल, अशी कामाची रचना करूनच ती टाळता येते, आणि इथे ती सोय आयती आहे. प्रत्येकाचे पर्जन्यमापक वेगळे, जागा वेगळी, वही वेगळी.

गट मुलांना स्वतः पाडू देऊ नयेत आणि परीक्षेतील गुणांच्या क्रमानेही पाडू नयेत. मैत्रीचे गट आधीच ठरलेल्या वर्तुळांतून बाहेर पडत नाहीत. वस्तीनुसार गट पाडणे शिक्षकाला सोपे वाटते, कारण मुले शेजारी राहतात. पण आपल्या गावांत वस्त्या बहुतेक वेळा जातीनुसार वसलेल्या असतात, आणि वस्तीनुसार गट पाडले की तीच विभागणी वर्गात येऊन बसते. या प्रकल्पात तसे न करण्याला वैज्ञानिक कारणही आहे. एका गटाची चारही पर्जन्यमापके एकाच आळीत असतील तर त्या गटाला तुलना करायला काहीच मिळणार नाही. म्हणून प्रत्येक गटात चार वेगवेगळ्या वस्त्यांतील किंवा वाड्यांतील मुले घ्यावीत. मिश्र वर्गात एखाद्या गटात एकच मुलगी येऊ देऊ नये. अशा वेळी लिहिण्याचे काम तिच्याकडे आणि ठरवण्याचे काम मुलांकडे जाते. दोन मुली एकत्र असल्या की त्यांचे बोलणे ऐकले जाण्याची शक्यता वाढते.

यासोबत प्रत्येकाला एक शेजारी जोडीदारही द्यावा. तो राहायला जवळ, पण दुसऱ्या गटातला असावा. मूल आजारी पडले किंवा मामाच्या गावी गेले, तर त्या दिवसाची नोंद जोडीदार घेईल. एलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे, गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र झाल्या असताना, अशीच दुहेरी रचना वापरली होती. धड्याचा एकेक भाग गटातील एकेका मुलाकडे असे, त्या भागावर काम करण्यासाठी सगळ्या गटांतील तेवढीच मुले एकत्र बसत आणि मग आपापल्या गटात परतून इतरांना शिकवत. कोणाकडेच पूर्ण माहिती नसल्याने एकमेकांचे ऐकल्याशिवाय गत्यंतर नसे. शेजारी जोडीदारांचे काम आपण याच तत्त्वावर बेतत आहोत.

पर्जन्यमापके लगेच घरी पाठवू नयेत. पहिला पूर्ण आठवडा ती सगळी शाळेच्या मैदानावर एका ओळीत ठेवावीत. माझ्या मते हा आठवडा या प्रकल्पाचा गाभा आहे आणि घाईत तो वगळण्याचा मोह शिक्षकाने टाळलाच पाहिजे. एका ओळीत ठेवलेल्या साधनांवर पाऊस जवळजवळ सारखाच पडणार. तरी पहिल्या दिवशी आकडे जुळणार नाहीत. एकाचा १४ मिलिमीटर येईल, दुसऱ्याचा ११, तिसऱ्याचा १९. इथे शिक्षकाने बरोबर उत्तर सांगू नये. कारण शोधण्याचे काम गटांकडे द्यावे, आणि ते काम करताना बोलायचे कसे, हे मात्र स्पष्टपणे शिकवावे. ‘तुझं चुकलंय’ असे म्हणण्याऐवजी ‘तू कसं मोजलंस ते करून दाखव’ असे म्हणायचे, आणि ज्याला असे विचारले जाईल त्याने रागावून न जाता सगळी कृती पुन्हा करून दाखवायची, असा नियम फळ्यावर लिहून ठेवावा. सुरुवातीला मुलांना हे कृत्रिम वाटते. पण दोन-तीन दिवसांत त्याचा उपयोग त्यांच्या लक्षात येतो, कारण कारणे खरोखर सापडू लागतात. कोणी नरसाळ्याचा बाहेरचा व्यास मोजलेला असतो. १० ऐवजी १०.५ सेंटिमीटर धरले तर क्षेत्रफळ सुमारे एक दशांशाने वाढते आणि पाऊस तेवढा कमी दिसतो. कोणाचे नरसाळे कललेले असते, कोणी पाण्याची पातळी वरून वाकून वाचलेली असते, कोणी मोजताना थोडे पाणी सांडलेले असते आणि ते सांगायला लाजलेले असते. शेवटचे कारण सापडले तर त्या मुलाचे वर्गासमोर कौतुक करावे. आपली चूक सांगणाऱ्याला गटात सुरक्षित वाटते का, यावर पुढच्या दोन महिन्यांच्या नोंदींचा खरेपणा अवलंबून आहे.

आठवड्याच्या शेवटी वर्गाने मोजमापाची एक सामाईक कृती स्वतःच्या शब्दांत लिहावी आणि सर्वांनी ती वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावी. वेळेबाबत वाद होईल, तो होऊ द्यावा. भारतीय हवामान विभाग रोजच्या पावसाची नोंद सकाळी साडेआठला करतो, त्यामुळे मंडळाच्या आकड्याशी रोजची तुलना करायची असेल तर साडेआठ ही वेळ हवी. सकाळच्या सत्रातील शाळेत मात्र मुले त्या वेळी वर्गात असतात. अशा शाळेत साडेसहाची वेळ धरून रोजच्या आकड्याऐवजी आठवड्याच्या बेरजेची तुलना करता येते. कोणताही पर्याय निवडला तरी तो सगळ्यांनी मिळून निवडलेला असावा आणि मग कोणालाही त्यातून सूट नसावी.

त्यानंतर साधने घरी जातात. गटातील कामे चार: गटाचा तक्ता भरणे, गणिते पुन्हा तपासणे, चारही ठिकाणची साधने आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष पाहून येणे आणि गटाची बैठक चालवणे. ही कामे दर पंधरवड्याला फिरावीत, म्हणजे आठ आठवड्यांत प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येक काम येते. कायमचा गटप्रमुख नेमू नये. ज्याला बोलायला संकोच वाटतो त्यालाही पंधरा दिवस बैठक चालवावी लागते, आणि ज्याला सतत बोलायची सवय आहे त्याला पंधरा दिवस मुकाट्याने आकडे तपासावे लागतात. दोघांनाही ते अवघड जाते आणि दोघांनाही त्याची गरज असते. पहिल्या बैठकीपूर्वी बैठक कशी चालवायची याचा नमुना शिक्षकाने एका गटाला वर्गासमोर बसवून दाखवावा, कारण बहुतेक मुलांनी मोठ्यांची अशी शांत बैठक कधी पाहिलेलीच नसते.

बैठकीसाठी आठवड्यातील एका तासिकेची पहिली पंधरा मिनिटे पुरतात, पण ती दर आठवड्याला त्याच वारी मिळाली पाहिजेत. घटक चाचणी आली म्हणून ती रद्द केली, की मुलांच्या दृष्टीने प्रकल्प संपलाच. बैठकीत प्रत्येकाने आपले सात आकडे वाचून दाखवायचे, विचित्र वाटणाऱ्या आकड्याबद्दल इतरांनी विचारायचे आणि पुढच्या आठवड्यासाठी काय बदलायचे ते एका वाक्यात लिहायचे. शिक्षकाने या वेळी फिरत राहावे, ऐकावे आणि शक्यतो बोलू नये. मुले भांडण घेऊन आली तर निवाडा देण्यापूर्वी ‘गटात यावर काय बोलणं झालं?’ एवढे विचारावे. काहीच बोलणे झाले नसेल तर त्यांना परत पाठवावे.

एक नियम पहिल्या दिवसापासून कडक असावा. पाऊस पडला नाही तर तक्त्यात शून्य लिहायचे. नोंद घ्यायची राहिली तर ‘नोंद नाही’ असे लिहायचे, आणि या दोन्हींची कधीही गल्लत करायची नाही. राहिलेली नोंद शेजारच्या आकड्यावरून अंदाजाने भरणे हा मुलांना सर्वांत मोठा मोह असतो, विशेषतः जेव्हा आपल्यामुळे गटाचे गुण जातील अशी भीती असते. म्हणून राहिलेल्या नोंदीला शिक्षा नसावी आणि अंदाजाने भरलेल्या आकड्याला मात्र क्षमा नसावी, हे मुलांना आधीच सांगावे. एका खोट्या आकड्याने गावाचा सगळा नकाशा बिघडतो, हे त्यांना पुढे नकाशा काढताना स्वतःच दिसेल. पण तोपर्यंत शिक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल.

कोणी सलग नोंदी चुकवत असेल तर आधी कारण विचारावे. सकाळी दूध घालायला जाणाऱ्या किंवा धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलाला ठरलेली वेळ पाळता येत नाही, यात आळस नाही, आणि जोडीदाराच्या मदतीने त्यावर मार्ग निघतो. कारण नसेल तर गटाने त्याच्याशी बोलावे, तेही बैठकीत आणि वहीतील आकडे समोर ठेवून. शिक्षकाने मध्ये पडायची वेळ त्यानंतरची. त्या मुलाचे काम इतर तिघांपैकी कोणी गुपचूप करत असेल तर ते थांबवणे मला अधिक गरजेचे वाटते, कारण चांगल्या मुलांची ही सवय गटाला आतून पोखरते आणि मोठेपणी त्यांच्याही अंगलट येते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील एलिझाबेथ कोहेन यांनी वर्गातील गटांचा दीर्घकाळ अभ्यास करून एक अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली होती: ज्यांना वर्ग हुशार समजतो ती मुले गटात जास्त बोलतात, जास्त बोलल्याने जास्त शिकतात आणि त्यामुळे गटकार्यातून दरी कमी होण्याऐवजी वाढू शकते. त्यांनी सुचवलेला उपाय आपल्या वर्गात सहज करता येतो. मागे राहणाऱ्या मुलाने खरोखर केलेली एखादी नेमकी गोष्ट शिक्षकाने सर्वांसमोर नाव घेऊन सांगायची. ‘छान’ एवढे म्हणून भागत नाही. गुराख्याच्या घरातील मुलाने ढगांची दिशा पाहून ‘आज आमच्या टेकडीकडे जास्त पडणार’ असे सांगितले असेल आणि आकड्यांनी ते खरे ठरवले असेल, तर तो अंदाज त्याने कशावरून केला हे त्यालाच फळ्यापाशी येऊन समजावून सांगू द्यावे. मात्र कौतुक खरे असावे. खोटे कौतुक मुलांना लगेच कळते आणि ज्याचे झाले त्याची पत आणखी घसरते.

गुणांचा प्रश्न टाळता येत नाही. सगळ्या गटाला एकच गुण दिले तर काम करणाऱ्यांवर अन्याय होतो. फक्त वैयक्तिक गुण दिले तर एकमेकांना मदत करण्याचे कारण उरत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच विज्ञान स्पर्धा, डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा किंवा इन्स्पायर पुरस्कार मानक योजना, वैयक्तिक आहेत आणि त्यांत काही वावगे नाही. पण त्यामुळे मुलांच्या मनात विज्ञान म्हणजे एकट्याचे यश अशी समजूत घट्ट होते. अंतर्गत मूल्यमापनात या प्रकल्पासाठी जेवढे गुण ठेवता येतील त्यांतील निम्मे स्वतःच्या वहीसाठी द्यावेत: नोंदींची नियमितता, गणिते, ‘नोंद नाही’ लिहिण्याचा प्रामाणिकपणा. उरलेल्या निम्म्यांसाठी तोंडी परीक्षा घ्यावी. शिक्षकाने गटातील कोणालाही उभे करून गटाच्या कोणत्याही भागाबद्दल विचारावे, आणि त्याने दिलेल्या उत्तराचे गुण चौघांना मिळावेत. कोणाला विचारणार हे आधी सांगू नये. या एका अटीमुळे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुले एकमेकांना शिकवताना दिसतात, आणि ते शिकवणे पुष्कळदा आपल्या शिकवण्यापेक्षा नेमके असते.

ऑगस्टच्या अखेरीस नकाशाचे काम घ्यावे. गावाचा किंवा प्रभागाचा साधा नकाशा मोठ्या कागदावर काढून, एका मुसळधार दिवसाचे सगळ्या गटांचे आकडे त्या-त्या जागी लिहावेत आणि समान पावसाच्या रेषा काढण्याचा प्रयत्न करावा. भूगोलाच्या पुस्तकात समपर्जन्य रेषा मुलांनी पाहिलेल्या असतात; त्या काढताना किती वाद होतात, हे आता त्यांना कळेल. दोन आकड्यांमधून रेषा कुठून न्यायची, एकच आकडा इतरांपेक्षा फार वेगळा असेल तर तो खरा धरायचा की तपासायचा, यावर वेगवेगळे गट वेगळे मत मांडतील. वेगळा आकडा नुसता बहुमताने बाजूला काढू देऊ नये. त्या मुलाची वही, त्याची जागा आणि जोडीदाराची नोंद पाहूनच निर्णय व्हावा, कारण कधी कधी तोच आकडा त्या दिवशीची सर्वांत महत्त्वाची माहिती असतो. या कामाला दोन सलग तासिका मागून घ्याव्यात. भूगोलाचे शिक्षक सोबत आले तर उत्तमच.

तयार झालेला नकाशा आणि मंडळाच्या केंद्राचे आकडे शेजारी ठेवून मुलांनी एक पानाचा अहवाल लिहावा आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने तो ग्रामपंचायतीत किंवा शाळा व्यवस्थापन समितीपुढे चौघांच्या एखाद्या गटाने वाचून दाखवावा. आपली साधने प्रमाणित नाहीत आणि हे आकडे नुकसानभरपाईसाठी पुरावा म्हणून चालणार नाहीत, हे अहवालातच लिहिलेले असावे. आपल्या मोजमापाची मर्यादा सांगून मग निष्कर्ष मांडणे, हेही मुलांनी याच टप्प्यावर शिकायचे आहे.

शेवटी वह्या रद्दीत जाऊ नयेत. मूळ तक्ते, पर्जन्यमापकांच्या जागांची यादी, वर्गाने ठरवलेली मोजमापाची कृती आणि प्रत्येक गटाने लिहिलेले ‘पुढच्या वर्गाला हे सांगा’ असे एक पान, एवढे एका फाइलमध्ये प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवावे. पुढच्या जूनमध्ये नवीन नववीला ती फाइल वाचायला द्यावी आणि दहावीत गेलेल्या मुलांपैकी दोघांना पहिल्या आठवड्यात मैदानावर, साधने एका ओळीत असताना, मदतीला बोलवावे.